कोंबडा कापला, ब्रेक तसेच

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल जीप आहे आणि आज गोड बोलणार नाही.

तरुणपणी मी रसायनीच्या एका कारखान्यात होते. तेलपाणी वेळच्या वेळी होई. सगळे म्हणत, ही गाडी नाही, हत्ती आहे. तिथेच माझं वाटोळं झालं. हत्तीला काही होत नाही, असं माणसं धरून चालतात.

पुढे मला कर्जतच्या जगदीशने घेतलं. डोंगरातल्या वाडीवरून बायकांना टोपल्यांसकट बाजारात आणायचं, हा त्याचा धंदा. त्याने माणसं कोंबली, टपावर मोळ्या रचल्या. मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडला, तर तो बदलायचा सोडून तारेने आवळला. रेडिएटरमध्ये ओढ्याचं गढूळ पाणी ओतलं. आत गंज चढला, चढावर मी तापून वाफा सोडू लागले. तर म्हणे, म्हातारी नाटकं करते. तुमच्या घशात चिखल ओतला असता, तर तुम्ही गाणी म्हटली असती का?

सगळ्यात वाईट खोड उताराची. डिझेल वाचावं म्हणून वाडी सुटली की जगदीश इंजिन बंद करी आणि मला गडगडत सोडी. अहो, माझ्या ब्रेकला इंजिनाचा जोर लागतो! इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबला की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि चाकं धरली जात नाहीत. त्यात ब्रेकचं तेल काळंकुट्ट झालेलं.

एका बाजाराच्या दिवशी वळणावर म्हशी आडव्या आल्या. जगदीश दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. मी थांबले नाही. बांध फोडून खाचरात घुसले. मागे बसलेल्या चिंधीचा हात मोडला.

गॅरेजवाल्या मकसूदने त्याला स्पष्ट सांगितलं, "आधी ब्रेकचं काम कर. आणि उतारावर इंजिन बंद केलंस, तर माझ्या दारात गाडी आणू नको."

जगदीशला ते पटलं नाही. गाडीला नजर लागली, असं त्याने ठरवलं. त्याच वळणावर माझ्यापुढे कोंबडा कापला, चारी चाकांना रक्त लावलं, बंपरला लिंबू बांधलं. रस्सा दोस्तांनी ओरपला. माझ्या ब्रेकला कुणी हात लावला नाही.

पुढच्या बाजाराला आम्ही पुन्हा वाडीवर. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. चिंधीचा हात गळ्यात.

"बस गं मावशे," जगदीश म्हणाला. "आता भ्या नाय. कोंबडा दिलाय."

"कोंबडा तुजा गेला, हात माजा मोडला," चिंधी म्हणाली. "आदी ब्रेक कर रं. मंग बसू आमी."

तिने धड हाताने टोपली डोक्यावर चढवली आणि ती चालू लागली. तिच्यामागे सुनबाई वनिता, मग एकेक करत सगळ्याच. जगदीश आधी हसला. मग हॉर्न वाजवला. मग रिकामी मी त्यांच्यामागून हळूहळू उतरले, इंजिन चालू ठेवून. खालच्या फाट्यापर्यंत एकीनेही मान वळवली नाही. फाट्यावर जगदीशने स्टँडचा रस्ता सोडला आणि शिव्या घालत मला मकसूदच्या दारात नेलं.

मित्रांनो, गाडीला हार घालण्याआधी तिचे ब्रेक बघा. आणि उतारावर इंजिन बंद करणारा ड्रायव्हर भेटला, तर भीड धरू नका, मोठ्याने बोला. नाही ऐकलं, तर खाली उतरा. माझ्यासारखीला स्वतःहून थांबता येत नाही. तुम्हाला उतरता येतं.