बिनडोळ्यांची बाई

खांब गावाला नम्रताताईंनी बंगला बांधलाय. बंगला म्हणायचं नाय, व्हिला म्हणायचं, हे सुरभीनं मला वाटेतच तीनदा बजावलं. नम्रताताई म्हणजे माझ्या सुरभीची होणारी सासू. त्या ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटावर महिनाभर राहून आल्या, आणि इथं डिट्टो तसंच बांधलं. पांढऱ्याफट्ट भिंती, निळी दारं, अंगणात पोहायचा तलाव. दोन दिवस आम्हा मायलेकींना राहायला बोलावलेलं. आधी माणसं बघायची, मग सुपारी फोडायची.

म्हणजे परीक्षाच हो! पोरीचा जीव त्यांच्या आदेशवर जडलेला. माझ्या हातून काय सांडलं, काय फुटलं तर? पांढऱ्या सोफ्यावर मी नुसती टेकायचे. चहासुद्धा उभ्यानं प्यायले.

त्यात ती बाई. दिवाणखान्यात माणसाएवढा पुतळा, अंगाभोवती चादर गुंडाळल्यासारखे कपडे, आणि डोळे कोरे. बुबुळंच नायत! मी हमरापूरची, तीस वर्षं गणपतींची आखणी करते, म्हणजे डोळे काढते. आमच्या कारखान्यात डोळे राहिलेली मूर्ती कुणी माणसांपुढे उघडी ठेवत नाय, तोंडावर कागद टाकतो. इथं तिलाच समोर ठेवून जेवायचं! घास उतरेना. पोरीचं लग्न ठरायचंय नि समोर ही आंधळी. कसलं लक्षण हे?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कुंडलिका नदीवर राफ्टिंगला गेले. डोकं दुखतंय म्हणून मी राहिले. पुतळ्याला टिचकी मारून बघितली. संगमरवर कसला, प्लास्टर! पर्समध्ये शून्य नंबरचा बारीक ब्रश कायम असतो, काजळाची डबीही होती. तोंडावर कागद टाकला असता तरी भागलं असतं, पण हात ऐकतोय होय? दोन मिनिटांत डोळे काढले. बाई बघायला लागली आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग भानावर आले. मेले! फडकं ओलं करून पुसायला गेले तर काजळ प्लास्टरमध्ये मुरलेलं. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

नम्रताताई दारातूनच किंचाळल्या, "ठमाबाई!" ठमाबाई तिथली कामवाली, साठीची; स्वयंपाकघरातून धावत आली. "कितीदा सांगितलं, पुतळ्याला हात लावायचा नाही म्हणून? उद्यापासून येऊ नका."

ठमाबाई नुसती "मी नाय ताई, मी नाय" म्हणत होती. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाय. तोंड शिवून बसले असते तर पोरीचं लग्न सुखरूप होतं. देवाशपथ सांगते, बसलेही. चांगले पाच-सहा श्वास.

मग नाय राहवलं. "ताई, ते डोळे मी काढले."

नम्रताताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसल्या. "अहो, तुम्ही होय! असू दे, असू दे. पाहुण्या तुम्ही. ठमाबाई, चहा टाका सगळ्यांना."

माझ्या जिवात जीव आला. सुटले बाई एकदाची! ठमाबाई डोळे पुसत आत वळली.

"काकू," सुरभी म्हणाली, "आधी ठमाबाईंना सॉरी म्हणा."

नम्रताताईंचं हसू गेलं. सुरभीनं आदेशकडे बघितलं. तो मोबाईल चाळत पुटपुटला, "सोड ना गं. कामवाली तर आहे."

गप गो बाय, असं ओठांवर आलेलं. पण पोरीचा चेहरा बघितला नि तसंच गिळलं. ती आत गेली, आमची बॅग घेऊन आली. मी चपला घातल्या.