गाजलेलं कुलूप

सरांच्या एका शोधनिबंधाचा उल्लेख जगभरातल्या शेकडो निबंधांत झाला, म्हणून विद्यापीठानं त्यांचा सत्कार ठेवला होता. माहिती कुलूपबंद करायची एक सांकेतिक पद्धत त्यात सरांनी मांडली होती. ती वर्षभरातच कुणीतरी फोडली, आणि तेव्हापासून कुलूप कसं नसावं हे सांगायला जो तो सरांचंच नाव घेत होता. उल्लेख मोजणाऱ्यांना स्तुती काय नि शिव्या काय, सगळं सारखंच! निबंध उघडून बघायचे कष्ट घेतले, तर ती निवड समिती कसली?

खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच सर आले होते. पण पहिल्या रांगेत बायको कितीतरी महिन्यांनी हसत बसली होती. विद्यापीठाच्याच इस्पितळात तिच्यावर उपचार चालू होते, आणि त्या आजाराचा तिनं सख्ख्या बहिणीलाही पत्ता लागू दिला नव्हता. सर मूग गिळून बसले.

"काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?" कुलगुरू माइकवर म्हणाले. "आपल्या इस्पितळातल्या सगळ्या रुग्णांची माहिती कालपासून सरांच्याच कुलपात ठेवली आहे!"

सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या बायकोनं.