समीकरणाला ग्रेस

गणिताच्या प्राध्यापकाला बेरीज येत नाही असं आगाशीत कुणाला सांगितलं असतं, तर त्यानं सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण प्लासिडला खरंच येत नव्हती. समीकरणं फळ्यावर झरझर लिहायचा, आणि सात अधिक आठ म्हटलं की छताकडे बघायचा.

म्हणून त्याच्या पीएच.डी.चे आकडे बायको काढायची. थेरेसा गावच्या शाळेत चौथीला गणित शिकवायची आणि तिची बेरीज चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

काम तसं सोपं, पण जीव खाणारं. आलेखाच्या कागदावर चौकटी. शेजारच्या तीन चौकटींत आकडे असले की समीकरणावरून चौथीतला निघायचा: थोडी बेरीज, थोडी वजाबाकी, एक भागाकार, बाकी उरली तर सोडून द्यायची. अशा ओळींवर ओळी. पहिल्या ओळीत दोन लाटा सोडायच्या, एक नवाची, एक पाचाची. नवाची जोरात धावणारी, ती मागून येऊन पाचाच्या अंगावरून पुढे जायची. एवढी धडक होऊनही दोघी नवाची नऊ आणि पाचाची पाच अशाच बाहेर पडल्या, तर समजायचं की समीकरण खानदानी आहे, त्याच्या पोटात ओळी बदलल्या तरी न बदलणारं काहीतरी आहे. अशाला समाकलनीय म्हणतात. जगात ती मोजकीच. बाकीच्यांत लाटांचा नुसता भुगा होतो. आपलं समीकरण त्या मोजक्यांत बसतं, असं प्लासिड आठ वर्षं सांगत होता. जून ८६ मध्ये त्याच्या नोंदणीची मुदत संपत होती, आणि ती आधीच दोनदा वाढवून घेतलेली. यंदा नाही तर कधीच नाही.

"लग्नाला आठ वर्षं झाली, घरात वाढले ते कागद," असं सासूबाई क्लारा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. थेरेसाला ते झोंबायचं. पण भांडायला वेळ कुणाला होता? चौकटी भरायच्या होत्या!

मार्चात मुंबईहून दिनानाथ सरांचं, म्हणजे प्लासिडच्या मार्गदर्शकांचं, पत्र आलं. विद्यापीठाच्या काँप्युटरवर वीस तारखेला दोन तास मिळाले होते. दोनशे ओळी मशीन स्वतः काढील. तुझ्या आकड्यांशी जुळल्या तर प्रबंध बांधायला टाक, नाही जुळल्या तर विषय सोडून दे.

प्लासिड पत्र घेऊन केळीच्या वाडीत नाचला. "येऊ दे मशीन! आठ वर्षांत पाचाची लाट कधी चार झाली नाही. कुणी हात लावलेला नाही थेरेसा, समीकरणच तसं आहे!"

थेरेसाला मात्र ठाऊक होतं. हात लावलेला होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एकेचाळिसाव्या ओळीत पाचाची लाट बाहेर आली ती चार होऊन. एका आकड्यानं नापास! थेरेसा त्या आठवड्यात शाळेचे निकाल लावत होती. चौतीसवाल्या पोराला एक ग्रेस मार्क देऊन पस्तीस करतात. ती काही चोरी नव्हे, नियम आहे. खिडकीतून तिला प्लासिड दिसला, पाठमोरा, खांदे पाडून बसलेला. तिनं चाराचे पाच केले.

पण बाई प्रामाणिक. एकाला ग्रेस दिला की तसल्या प्रत्येकाला द्यायला लागतो, नाहीतर पालक भांडायला येतात. तिनं मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा केलं. बाकी सोडल्यामुळे एकच कमी पडत असेल, आणि मागच्या दोन्ही चौकटी आपल्या बळावर पास झाल्या असतील, तरच एक द्यायचा. दोन कधीच नाही. तेव्हापासून सगळ्या लाटा पहिल्या वर्गात पास होत होत्या, आणि नवरा आनंदात होता.

मशीनला कुठली आली दयामाया! रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर, जेवताना, तिनं सगळं सांगून टाकलं. प्लासिडनं हातातला घास ताटात ठेवला.

"किती ठिकाणी?"

"तीनशे बारा."

"म्हणजे सहा वर्षं मी तुझ्या दयेवर जगलो." तो उठला. थेरेसा ताटावर बसून रडली, आणि रडताना तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं त्याचंही जेवण जेवून टाकलं.

दोन दिवस तो तिचे कागद चाळत बसला. कॉलेजलाही गेला नाही. मंगळवारी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"नियम काय होता तुझा?"

"कसला?"

"ग्रेसचा. कधी द्यायचा, कधी नाही."

तपासणीला आलेल्या साहेबाला सांगावं तसं तिनं एका दमात सांगितलं. तो लिहून घेत गेला, आणि लिहिता लिहिता खाली फरशीवरच बसला. सगळा नियम समीकरणाच्या शेवटी एका पदात मावत होता.

वीस तारखेला मशीननं दोन्ही समीकरणं चालवली. प्लासिडच्या मूळ समीकरणाचा एकेचाळिसाव्या ओळीत भुगा झाला. नवं पद घातलेलं दोनशे ओळी चाललं, आणि एकूणएक आकडा थेरेसाच्या कागदाबरहुकूम आला. महिन्याभरात प्लासिडनं रीतसर सिद्धताही काढली. बेरीज येत नसली तरी ते त्याला येत होतं, हे कबूल करायला हवं. प्रबंधात त्यानं लिहिलं, "येथे एक पद मिळवले." कुणी, ते नव्हतं.

तोंडी परीक्षेला थेरेसा नवी साडी नेसून मागच्या रांगेत बसली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, जाड चष्म्याचे. त्यांनी नेमकं त्या पदावर बोट ठेवलं.

"या प्रबंधात सुंदर आहे ते एवढंच. हे कसं सुचलं तुम्हाला?"

प्लासिडनं मागच्या रांगेकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"मला नाही सुचलं, सर. ते माझ्या बायकोनं घातलं."

परीक्षक खो खो हसत सुटले. दिनानाथ सर हसले, मागं बसलेली पोरं हसली. "शेवटचं पद बायकोचंच असायचं, काय?" म्हणत परीक्षकांनी चष्मा पुसला. प्लासिडनं पुढं काही सांगायला तोंड उघडलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि तोही हसला. मग पुढचा प्रश्न आला.

पदवी मिळाली. विरारला आगाशीच्या बससाठी उभे असताना डॉक्टर प्लासिड हलकेच म्हणाला, "मी खरं सांगितलं हां सगळ्यांसमोर. त्यांनाच पटलं नाही, त्याला मी काय करू?"

"सांगितलंस की," थेरेसा म्हणाली. "मग तू कशाला हसलास?"