फ्लॉरेन्सच्या बाईचं माप

अमरसिंह सरांना कुणीतरी वेळेवर आवरायला पाहिजे होतं. आमच्या ढोकी गावात शाळेचं गॅदरिंग म्हणजे चार नाचाची गाणी, दोन देशभक्तीची, एक व्यसनमुक्तीचं नाटुकलं, की झालं. पोरं खूश, पालक खूश. पण इतिहासाच्या ह्या सरांना यंदा काय सुचलं कोण जाणे, नववीच्या वर्गासाठी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं, तेही युरोपातल्या प्रबोधनयुगावर. पाचशे वर्षांपूर्वीचं फ्लॉरेन्स शहर, तिथला एक चित्रकार आणि त्याच्यासमोर चित्रासाठी बसलेली एक श्रीमंत घरची बाई. चित्र पुरं व्हायच्या आत ती बाई ताडकन उठते आणि मला नुसतं सजवून बसवू नका, मला शिकू द्या, असं लांबलचक भाषण ठोकते. ती बाई म्हणजे आमची हर्षाली.

हर्षाली माझी एकुलती एक. अंगानं भरलेली, माझ्या माहेरच्या सगळ्या बायका अशाच. मी तिला लाडानं ढब्बू म्हणते. लहानपणापासून म्हणते, तिला काही वाटत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी ही पोरगी, पण ते भाषण सगळ्यांच्या आधी पाठ करून तिनं ही भूमिका मिळवली होती. भांडी घासताना फ्लॉरेन्स, पाणी भरताना फ्लॉरेन्स. तिच्या पप्पांना कारखान्यातून दमून आल्यावर जेवताना तेच ऐकावं लागायचं. तिला इतकं मनापासून काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पण सरांनी अट घातली होती. शनिवारच्या रंगीत तालमीला ज्याचा पोशाख नसेल त्याची भूमिका दुसऱ्याला. दुसरी म्हणजे निकिता. तिलाही भाषण पाठ होतं आणि तिचा मामा पुण्याहून तयार पोशाख आणायला एका पायावर तयार होता.

"आई, तू शिवशील?" हर्षालीनं विचारलं.

"न शिवायला काय झालं? गल्लीतल्या बायांची ब्लाऊजं कोण शिवतंय?"

बोलून बसले आणि अडकले. सरांनी मोबाइलवर पाठवलेलं चित्र बघितलं तर डोकंच फिरलं. कमरेच्या वरपर्यंत गच्च बसलेला अंगरखा, चौकोनी गळा, खाली जमिनीवर लोळणारा घेर, आणि बाह्या तर अंगाला जोडलेल्याच नाहीत. खांद्याला दोऱ्यांनी बांधलेल्या आणि मधल्या फटीतून आतला पांढरा झगा फुगे काढून बाहेर आलेला. आमच्याकडं काखेत बोटभर फट राहिली तर गिऱ्हाईक ब्लाऊज तोंडावर फेकून जातं. ह्यांनी ती फट मिरवायला ठेवलेली.

जुन्या चादरीवर एकदा अंदाजानं कापून पाहिलं. पोतं तयार झालं. मग ठरवलं, पेपर कटिंग आणायचं. पेपर कटिंग म्हणजे मापात कापलेले तयार कागद. कापडावर ठेवायचे, कडेनं खडू फिरवायचा आणि कात्री चालवायची. त्यासाठी मी एसटीनं धाराशिवला गेले. जाताना चौकात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता असा अडवला होता की बस जागची हलेना, आणि माझा पारा तिथंच चढला.

शिलाईच्या सामानाच्या दुकानात कल्याणप्पा म्हणून जुने दुकानदार आहेत. त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून बघितलं.

"सोपं हाय की. प्रिन्सेस कट." असं म्हणून त्यांनी ब्लाऊजच्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला.

"ब्लाऊज न्हाय ओ, पायापर्यंत हाय हे. आणि बाही बघा ना."

"बाही तर उसवलीय, ताई. शिवणाऱ्यानं घाण केलीय, आन् तुमी तेच शिवायला निघाला व्हय?"

"उसवलेली न्हाय, तशीच असती. गाऊन हाय तो, जुन्या काळचा."

गाऊन म्हटल्याबरोबर त्यांच्या नोकरानं घरात घालायच्या मॅक्सीचं कटिंग काढून दिलं, वर झालरीचं पाहिजे की साधं असंही विचारलं. मी आणखी तीन दुकानं पालथी घातली. कुठं परकर-पोलकं, कुठं बाळाचं झबलं. एका ठिकाणी नाटकाचे कपडे भाड्यानं मिळायचे, तिथं परी, भारतमाता आणि सिंहाचा मुखवटा सोडून काही नव्हतं. फ्लॉरेन्सच्या बाईचं नाव काढलं की सगळे माझ्याकडंच अशा नजरेनं बघत होते की माझंच काहीतरी बिनसलंय. हात हलवत घरी आले आणि चपला अशा भिरकावल्या की एक मोरीत गेली.

शेवटी हर्षालीनंच मोबाइलवर शोधून काढलं. परदेशातली कुणी बाई असल्या जुन्या पोशाखांचे कागद विकत होती. पैसे भरले.

"येणार कधी?" मी विचारलं.

"आले की. फाईल हाय. छापून घ्यायची."

म्हणजे पैसे देऊन कागद आपलाच, शाई आपलीच, मेहनतही आपलीच. झेरॉक्सवाल्या व्यंकटनं छापून दिलं तर गठ्ठाभर पानं. पहिल्या पानावर तपासायला दोन इंचांचा चौकोन होता. टेप लावून बघते तर तो दोन इंच भरेचना. व्यंकटनं सगळं पानात बसवायच्या नादात लहान करून टाकलं होतं. परत गेले, भांडले, परत छापलं, चौकोन बरोबर भरला तेव्हाच दुकानाची पायरी उतरले. मग ती पानं एकाला एक जोडायची. सगळी फरशी कागदानं भरली. पंखा लावला की कागद उडायचे, बंद केला की मला घाम यायचा. हर्षालीचे पप्पा अंघोळ करून ओल्या पायानं बरोबर घेरावरूनच चालत गेले. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या कागदावर एकात एक अशा सात-आठ रेघा होत्या, प्रत्येक मापाची वेगळी. आपली रेघ धरून कापायचं. हर्षाली सूचना वाचून सांगत होती. वाचता वाचता मध्येच थांबली.

"काय लिहिलंय पुढं?"

"अंगावरून टेपनं माप घ्या म्हणते. छाती, कंबर, सगळं."

"त्या बाईला कोण सांगणार? मापाचा ड्रेस आण."

आमच्याकडं अंगाला टेप कोण लावतं? गिऱ्हाईक येतं ते नीट बसणारं एक ब्लाऊज पिशवीत घालून. हे मापाचं, असंच शिवा. ते पसरायचं, मोजायचं, विषय संपला. बाईला उभं करून हात वर करायला लावायची गरज नाही. इतकी वर्षं मी अशीच शिवत आले आणि एकाही ब्लाऊजनं मला खोटं पाडलेलं नाही. हर्षाली उठली, आतल्या कपाटाशी बराच वेळ खुडबुड केली आणि पोपटी कुर्ता घेऊन आली.

"ह्यो बसतो ना नीट?" मी विचारलं.

"बसतो."

मी कुर्ता पसरला, मोजला, रेघ धरली. आत शिवण सैल करायला जागा ठेवावी म्हणून नेहमीसारखं कापड वाढवायला गेले, तर सूचनेत मखमलीला जाड शिवण नको, दिलंय तेवढंच ठेवा, असं लिहिलेलं. म्हटलं, चला, एवढा खटाटोप केलाय तर ऐकू या बाईचं. मरून मखमल आणली होती. तिची लव एकाच बाजूला पडली पाहिजे, नाहीतर उजेडात दोन रंग दिसतात, म्हणून कापड आडवंतिडवं फिरवायची सोय नव्हती. सगळं संपलं, चिंध्या तेवढ्या उरल्या. मशीनखाली मखमल सरकायची, वरचा थर पुढं, खालचा मागं. सुई मोडली. दुसरी मोडली. बाह्यांना बांधायच्या दोऱ्या वळताना बोटं सोलली. तरी ते उभं राहिलं तेव्हा मीच दारात टांगून लांबून बघत बसले. खरंच राजघराण्यातलं वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी ती शाळेतून आली. मी म्हटलं, "घाल."

घेर बसला, गळा बसला, पण पाठ मिटेना. दोन्ही कडा धरून मी जोर लावला. ती पोट आत ओढून उभी होती, मान लाल झालेली. मध्ये चांगली चार बोटं उघडी पाठ. मखमल उसवून सैल करावी तर शिवणीत कापडच नव्हतं.

मग माझं तोंड सुटलं. ती कागद विकणारी बाई, तिचा देश, व्यंकट, सर, सगळ्यांचा उद्धार केला. "तिकडल्या वाळक्या बायांची मापं! त्यांना काय म्हाईत हिकडली पोरगी कशी असती? आणि तू, दोन महिने जरा तोंड आवरलं असतं तर..." मी पोशाख ओढून काढला आणि फरशीवर पसरला. चूक कागदाची आहे हे मला सिद्ध करायचं होतं. पोपटी कुर्ता आणून वर ठेवला.

छातीला छाती, कमरेला कंबर. सुतभर फरक नाही. कागद बरोबर होता, छापलेलं बरोबर होतं, माझी कात्रीही बरोबर होती.

"ह्यो कुर्ता घाल बरं," मी म्हटलं.

ती जागची हलली नाही.

"घाल म्हणते ना."

"न्हाय बसत." ती भिंतीकडं बघत म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यापासून न्हाय बसत."

"मग मला कशाला दिलास? मापाचा म्हणून? खुळी हायस का तू? मखमल संपली, शनिवार आला, आता काय शिवू मी, तुझं..."

"नीट बसणारा दिला असता तर त्याला तू टेप लावला असतास."

"मग? लावला असता तर काय झालं असतं?"

"तू आकडा मोठ्यानं म्हणतीस." आता ती माझ्याकडं बघत होती. भाषणात येतो तसा आवाज नव्हता, लई बारीक होता. "दिवाळीला माझा ड्रेस मोजताना म्हणलीस. शेजारच्या गजरामावशी होत्या, पप्पा होते, बाहेर दूधवाला होता. म्हणलीस, माझ्यापेक्षा जास्त भरली, आता हिला लग्नाला दोन साड्या जोडून नेसवायच्या. समदे हसले. दूधवाला पण हसला."

मला आठवेना. खरं सांगते, आठवेना. असलं मी रोज काहीतरी बोलत असते, त्यातलं दिवाळीतलं कोणतं, ते कसं आठवणार? चेष्टा केली असेल. आमच्या घरात चेष्टा चालते. हे सगळं तोंडाशी आलं आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून तिथंच राहिलं. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त राग कशाचा आला होता ते सांगता येत नव्हतं. चूल पेटवायची राहिली होती, म्हणून मी उठून आत गेले आणि उगाच डबे वाजवले.

थोड्या वेळानं बाहेर आले. ती तिथंच बसली होती, पोशाख मांडीवर घेऊन.

"निकिताला सांगू का?" तिनं विचारलं. "तिला बसल हे. फुकट न्हाय जाणार."

एवढं पाठ केलेलं भाषण ती मखमलीसकट देऊन टाकायला निघाली होती.

"गप," मी म्हटलं. "पाठ उघडीच ठेवू. दोन्ही कडांना काजं करते आणि त्यातून दोरी ओवून बांधू. आत पांढरी पट्टी टाकली की फट म्हणून कोण बघतंय? बाह्यांना फटी चालतात तर पाठीला का चालू नये? फक्त खरं माप पाहिजे, पट्टी किती रुंद घ्यायची ते कळायला."

मी टेप घेतला. ती उभी राहिली, हात वर केले, डोळे मिटले. आणि मी जवळ गेले तशी तिनं हात खाली घेतले.

"मी घेते. तू बाहेर थांब."

"स्वतःचं माप स्वतःला येत न्हाय घेता. टेप मागं सरकतो."

"येतं. बाहेर थांब."

माझ्याच घरात, माझ्याच मशीनच्या खोलीचं दार माझ्या तोंडावर लागलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. गल्लीतल्या सगळ्या बायांच्या मापांची ब्लाऊजं त्या खोलीत पडलेली असतात. माझ्या पोरीला मात्र मी तिथं नको होते. आतून टेपच्या टोकाचा पत्रा फरशीवर आपटल्याचा आवाज आला, मग परत. बऱ्याच वेळानं दार उघडलं. खडूनं मशीनच्या फळीवर तिनं आकडे लिहिले होते. मी ते मनात वाचले आणि हातानं पुसून टाकले.

शनिवारी सकाळी पोशाख तयार होता. पांढरा झगा, वर मखमल, खांद्यावर दोऱ्या, बाह्यांतून फुगे. मागची दोरी तेवढी तिला एकटीला बांधता येईना. तिनं तीनदा प्रयत्न केला. पप्पा बाहेर मोटारसायकल चालू करून हॉर्न वाजवत होते. शेवटी ती येऊन माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"घट्ट करू?" मी विचारलं.

"नको. मला श्वास घ्यायला लागतो, भाषण मोठं हाय." मग म्हणाली, "आणि काही बोलू नको."

मी एकेका काजातून दोरी ओढत गेले. खालून वर, शेवटी मानेखाली गाठ. माझ्या हाताखाली तिची पाठ श्वासागणिक वरखाली होत होती. ती लई छान दिसत होती. हे तिला सांगायचं होतं, पण मी सांगितलं असतं तरी तिला ते खरं वाटलं नसतं, म्हणून मी गाठ मारली आणि बाजूला झाले.