राखलेला हात

कुवेतच्या बंदराजवळच्या त्या हॉटेलात बोटीने येणारे गोरे पाहुणे बियर प्यायला गर्दी करत. तिथला वेटर हारून दाभोळचा. पोटासाठी दारू वाढायचा, पण फक्त डाव्या हाताने. उजवा हात जेवायचा, कुराण उघडायचा. त्याला चार वर्षांत त्याने थेंबही लागू दिला नव्हता.

साल एकसष्ट. भर दुपारी एक साहेब येऊन बसला. आखातात चार दिवस काढले म्हणून स्वतःला शहाणा समजणारा. अरबांत डाव्या हाताने काही देणं म्हणजे अपमान, एवढंच कुठून तरी शिकलेला. हारूनने डाव्या हाताने बियरचा मग पुढे केला, तशी त्याने हारूनच्या थोबाडीत ठेवून दिली.

"मला डावा हात दाखवतोस?" म्हणत त्याने हारूनचा उजवा पंजा धरून भरल्या मगात कोंबला आणि दाबून धरला.

हारूनने हिसडा मारून हात सोडवला. आता तो राखायचा कशाला? त्याच हाताने त्याने बाटली उचलली आणि साहेबाच्या कपाळावर फोडली. मग दुसरी. साहेब कोसळला, तरी हारून थांबला नाही.

पोलीस आले तेव्हा तो मोरीत हात घासत होता. रक्त कधीच गेलं होतं. तो दारू घासत होता.