भिंतीला फुटलेले केस

पाच दिवस झाले, रोज सकाळी आठपासून दवाखान्यामागच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकट्याच माश्या मारत होत्या; रोगी सगळे मागच्या भिंतीपुढे हात जोडून उभे. भिंतीला म्हणे केस फुटले होते!

ओलीनं गिलावा पडला होता, तिथून बोटभर लांबीचे सोनेरी केस डोकावत होते. शोध अर्थातच आमच्या गावच्या केशबाबांचा. डोक्यावर तुळतुळीत टक्कल, दाढी मात्र पोटापर्यंत.

"भिंत जिवंत आहे!" बाबा गरजले. "एक केस पाण्यात बुडवून प्या. सर्दीपासून टीबीपर्यंत सगळं पळेल. औषध घेतलंत तर मात्र केस रुसेल!"

रुसणारा केस मी जन्मात पहिल्यांदाच ऐकला. पोट धरून हसलोही असतो, पण रांगेत माझी ताई होती. तिच्या टीबीच्या गोळ्या पाच दिवस तशाच पडून होत्या आणि खोकला वाढत चालला होता.

"ताई, घरी चल."

"तू गप रे. एवढे सगळे काय वेडे आहेत?"

 मी तडक शेजारच्या, गवंडीकाम करणाऱ्या आजींना घेऊन आलो. दवाखान्याच्या भिंती त्यांनीच उभारल्या होत्या.

आजींनी कपाळाला हात लावला. "अरे, हा ताग आहे! मीच कातरून चुन्यात कालवलाय. गिलावा वाळताना आक्रसतो, चिरा पडतात. हे तंतू चिरेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. आणि तुम्ही तेच उपटून भिंत सोलताय!"

"खोटं! हे दैवी केस आहेत!" बाबा ओरडले.

"मग जाळून बघू." आजींनी एक तंतू पेटवला. कागदासारखा भुर्रकन जळला, राख उडाली. "आता खरा केस. बाबा, दाढीतला द्या."

बाबा मागे सरकले, पण रांगेतल्या न्हाव्यानं सराईतपणे कात्री चालवली. तो केस चुरचुरला, त्याची काळी गुठळी झाली आणि घाण वास सुटला. लोकांनी नाकं दाबली. बाबांनी दाढी मुठीत धरली आणि गल्लीबाहेर धूम ठोकली.

"म्हणजे पाच दिवस मी तागाचं पाणी प्याले?" ताई रडवेली झाली.

मी तिला आत नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "थुंकी पुन्हा तपासू," म्हणाल्या, "आणि आता एकही गोळी चुकवायची नाही." पुढे ताई बरी झाली, पण त्या पाच दिवसांनी तिला फार छळलं.

म्हणून हात जोडून सांगतो: चमत्कार दिसला की आधी "कशावरून?" एवढं विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.