शेवंतीकाकूंच्या हॉलमधला कोपरा

दक्षता काय काम करते हे पहिल्यांदा ऐकलं की लोक बुचकळ्यात पडायचे. कर्णबधिर माणूस दवाखान्यात किंवा बँकेत गेला की मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावायचा. दक्षता ठाकुर्लीतल्या आपल्या घरात बसून डॉक्टरचं बोलणं त्याला हातांच्या खुणांनी सांगायची आणि त्याच्या खुणा बघून डॉक्टरला तोंडाने. तिची आई जन्मापासून बहिरी होती. बोलायला लागायच्या आधीच दक्षता हातांनी दूध मागायला शिकलेली. ही नोकरी लागली तेव्हा तिचा नवरा केतन म्हणाला होता, "मजा आहे बुवा, बसल्या जागी पगार!"

त्या बसल्या जागेनेच सगळा घोळ केला.

तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारीही खोलीत अंधार, आणि तिचा चेहरा नि हात तर समोरच्याला स्वच्छ दिसायला हवेत. म्हणून सकाळी दहापासून दोन मोठे दिवे चालू. पंखा बंद, कारण मालकांनी लावलेला मीटर पळायचा. खरा मीटर मालकांच्या, गोपीनाथशेठच्या नावावर होता. भाडेकरूंना त्यांनी आपले छोटे मीटर बसवून दिले होते आणि युनिटचा दर तेच ठरवायचे. "तुमचं मूळ बिल एकदा बघू का?" असं दक्षताने विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पटत नसेल तर खोली सोडा." सोडणार कशी? अकरा महिन्यांचा करार होता, मधेच सोडली तर डिपॉझिट बुडणार होतं. तेवढे पैसे पुन्हा उभे करणं एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या केतनला झेपणारं नव्हतं. मग फ्रिज दुपारपर्यंत बंद ठेवायचा, इस्त्री करायचीच नाही, घामाने भिजलेल्या गळ्यावर ओढणी घेऊन बसायचं.

इंटरनेटचंही तेच. इमारतीत एकच केबलवाला यायचा, तो गोपीनाथशेठचा चुलतभाऊ. दुसऱ्या कुणाला भिंतीला भोक पाडायची परवानगी नव्हती. मोबाइलला रेंज फक्त मोरीच्या दाराशी. दिवसातून चारदा तरी समोरचा चेहरा थिजायचा, आणि खुणा करणारे हात अर्धवट हवेत राहायचे.

एका मंगळवारी सकाळी समीक्षा नावाच्या बाईचा कॉल आला. पस्तिशीची असेल. कल्याणच्या एका रुग्णालयात डॉक्टरांसमोर बसली होती. डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना सांगा, छातीत गाठ आहे. ती साधी आहे की नाही हे बघायला तपासणी करावी लागेल. घाबरायचं नाही, कारण..."

"छातीत गाठ आहे," एवढं दक्षताने खुणांनी सांगितलं आणि चित्र थांबलं. समीक्षाचा चेहरा तसाच थिजला, डोळे ताणलेले. 'गाठ' एवढंच तिच्यापर्यंत पोचलं होतं.

दक्षताने वाय-फाय बंद केलं, चालू केलं. काही नाही. ती मोरीच्या दाराशी गेली. रेंजची एक दांडी आली नि गेली. मग तिने मोबाइल उचलला आणि तीन जिने उतरून तळमजल्यावर गोपीनाथशेठचं दार ठोठावलं. लाइन आधी त्यांच्याकडे यायची, तिथे नेट पळायचं हे तिला ठाऊक होतं.

दार शेवंतीकाकूंनी उघडलं. गोपीनाथशेठच्या पत्नी. गावठाणातल्या, साठीच्या, हातात कोलंबी सोलायचं ताट.

"काय झाला गो? केवढी घाबरलीस!"

"काकू, तुमचं वाय-फाय द्या. पाच मिनिटं. दवाखान्यातलं काम आहे."

"ये, इकरं बस," म्हणत काकूंनी सोफ्याच्या कोपऱ्यातली उशी बाजूला केली.

कॉल लागला. समीक्षा रडत होती. डॉक्टर वैतागल्या होत्या. दक्षताने हात वर केले, माफी मागितली आणि राहिलेलं सगळं सांगितलं. अशा बहुतेक गाठी साध्या असतात, तपासणी छोटी असते, त्याच दिवशी घरी जाता येतं. समीक्षाचे हात हलू लागले तसं दक्षता मोठ्याने बोलू लागली, "मला किती दिवस शिवणकाम करता येणार नाही? दुकान मी एकटी बघते." काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या. कोलंबी सोलायची थांबलेली.

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "पुण्याचा काम करतेस गो, बाय. रोज इकरंच बसत जा. वर कशाला मरतेस?"

संध्याकाळी गोपीनाथशेठही जिन्यात भेटले. "बसा ना खाली. घरच्यासारखंच आहे. पण मग मीटरची कटकट करायची नाही."

दक्षता हो म्हणाली.

पुढचे दोन आठवडे तिचा एकही कॉल तुटला नाही. खिडकीतून उजेड यायचा, डोक्यावर पंखा फिरायचा, काकू अकरा वाजता चहा आणून द्यायच्या. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. ती नुसत्या खुणा करायची तेव्हा काकूंची मालिका टीव्हीवर चालू असायची. ती बोलायला लागली की टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. कुणाची मूळव्याध, कुणाचं थकलेलं कर्ज, कुणाचं पडलेलं पोर, सगळं तिच्याच तोंडून त्या हॉलमध्ये सांडत होतं. एकदा तिने सुचवलं, "काकू, मी आतल्या खोलीत बसू?" तेव्हा काकू म्हणाल्या, "आत नेट येत नाय." दक्षता हॉलमध्येच बसत राहिली. वर जाऊन पुन्हा ते थिजलेले चेहरे बघायची तिची तयारी नव्हती.

मग समीक्षाचा दुसरा कॉल आला. तपासणीची तारीख ठरत होती. नर्सने विचारलं, "सोबत कोण येणार?" समीक्षाने खुणा केल्या आणि दक्षताने त्या बोलून दाखवल्या. "कुणी नाही. घरी सांगितलेलं नाही. नवरा बोटीवर नोकरीला आहे, आणि सासूला कळलं तर दुकान बंद करायला लावेल. ठाकुर्लीच्या मंडईमागे माझं शिलाईचं दुकान आहे, तिथल्याच पत्त्यावर रिपोर्ट पाठवा."

टीव्ही बंद होता.

दोन दिवसांनी काकूंनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, "गेलेले मी तिच्याकरं."

"कुणाकडे?"

"ती मुकी शिंपीण. माझे ब्लाऊज तीच शिवते गो. डिंकाचे लाडू नेले. सासूला पण बोलले, सुनेला जपा, तिच्या छातीन गाठ हाय, एकटी दवाखान्यात जाते बिचारी."

दक्षताच्या हातातला कप बशीत आपटला. "काकू! हे तुम्ही कुणाला सांगायचं नव्हतं."

"का? मी काय वाईट केला? चार लोकांना कळला म्हणजे चार लोक मदतीला येतात."

काकूंच्या चेहऱ्यावर खरंच काही खोट नव्हती. तेच दक्षताला सोसेना. काकूंवर ओरडण्यात अर्थ नव्हता. बोललेली ती स्वतः होती.

त्याच दुपारी तिने ऑफिसातल्या सलिलसरांना फोन करून सगळं सांगितलं, लेखी कळवलं. सलिलसर म्हणाले, "स्वतःहून सांगितलंस म्हणून नोकरी राहील. पण हॉस्पिटलचे कॉल तुला देता येणार नाहीत. बँक, गॅस एजन्सी, तेवढंच. आणि उद्यापासून दार लावून एकटी बस, कसंही." पगार त्या हिशेबाने उतरणार होता. केतन आल्यावर तिने सांगितलं. तो तोंड धुता धुता थांबला आणि म्हणाला, "करार संपायला सहा महिने आहेत. सहा महिने तर कुठे जाता येत नाही." तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी दक्षता मंडईमागे गेली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर समीक्षाची सासू बसली होती, कमरेला दुकानाच्या चाव्यांचा जुडगा. आत समीक्षा शिवणयंत्राशी नुसती बसलेली. दक्षताला तिने ओळखलं आणि मान फिरवली. खुणांच्या भाषेत मान फिरवली की संवाद संपला. दक्षता तिथेच उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी समीक्षाने पाहिलं.

'चूक माझी आहे,' दक्षताने हातांनी सांगितलं. 'घरात नेट नव्हतं म्हणून मी दुसऱ्यांच्या घरात बसले. ते ऐकतात हे मला कळलं होतं. तरी बसले.'

समीक्षाचे हात झटक्यासरशी हलले. 'माझी गोष्ट तुझ्या तोंडून माझ्या सासूच्या कानात गेली. आता हे लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात, आणि मला काहीच कळत नाही.'

"काय म्हणतेय ती?" सासूने विचारलं.

"माझ्यावर रागावलीय," दक्षता म्हणाली.

समीक्षाने थोडा वेळ विचार केला. मग तिने सांगितलं, 'तपासणी झाली. गुरुवारी नऊ वाजता रिपोर्ट मिळणार आहे. सासू सोबत येणारच आहे. तू ये. फोनवर नाही, तू स्वतः. जे जे बोललं जाईल ते सगळं मला सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही.'

गुरुवारी दक्षताने रजा टाकली. डॉक्टरांच्या खोलीत ती मुद्दाम समीक्षाच्या समोर बसली. डॉक्टरांनी कागद उलटला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासू पुढे झुकली. "बाई, काय वाईट असेल तर मला सांगा. तिला नका सांगू. तिला कुठे काय समजतं?"

दक्षताचे हात क्षणभर मांडीवर राहिले. मग तिने तेही सांगितलं, शब्द न् शब्द. 'तिला कुठे काय समजतं' हेसुद्धा.

समीक्षाने सासूकडे पाहिलं नाही. तिने डॉक्टरांकडे पाहत खुणा केल्या आणि दक्षताने त्या मोठ्याने बोलून दाखवल्या, "डॉक्टर, गाठ माझी आहे. माझ्याशी बोला."

डॉक्टरांनी खुर्ची फिरवली. गाठ साधी नव्हती, पण वेळेत सापडली होती. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. समीक्षाने एकामागून एक प्रश्न विचारले. किती दिवस, कोणता हात, शिवणयंत्र कधी चालवता येईल. सासू पदर तोंडाला लावून बसली होती. बाहेर आल्यावर समीक्षाने तिच्यापुढे तळहात धरला. म्हातारीने कमरेच्या चाव्या सोडवायला बराच वेळ घेतला, पण दिल्या.

दक्षताला निरोप देताना समीक्षा हसली नाही. फक्त शस्त्रक्रियेची तारीख बोटांवर सांगितली आणि बोट तिच्याकडे रोखलं. दक्षताने मान हलवली.

ती परतली तेव्हा शेवंतीकाकू पायरीवर तांदूळ निवडत होत्या. "दवाखान्यात गेलेलीस ना? कशी हाय गो ती? काय बोलला डॉक्टर?"

"काकू, ते मला नाही सांगता येणार."

"मला? मी तुला घरात बसवली, च्या पाजला, आणि मला नाय सांगता येणार?"

"नाही, काकू."

काकूंनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. महिनाअखेरीस गोपीनाथशेठनी मीटर बघितला आणि दर आणखी एका रुपयाने वाढल्याचं सांगितलं. दक्षताने वाद घातला नाही. वर खोलीत जाऊन तिने दार आतून लावलं, दोन्ही दिवे पेटवले, ओढणी गळ्याभोवती घेतली आणि बँकेच्या पहिल्या कॉलची वाट बघत बसली.